कागदावरच्या संघाची पात्रता

गतकाळातील क्रिकेटपटूंमधून आपापला काल्पनिक संघ निवडण्याचा जो खेळ क्रिकेटरसिक मोठ्या आस्थेने खेळतात, त्याची मांडणी दिसायला अगदी सोपी आहे. सहा-आठ जण एकत्र येतात, चिठ्ठ्या टाकून क्रम लावून घेतात, आणि पहिल्या क्रमांकाच्या गृहस्थाने एक नाव उच्चारले की ते इतर सर्वांना कायमचे बंद होते. पहिली फेरी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली म्हणजे दुसरी त्याच्यापासूनच उलट निघते, जेणेकरून आरंभीच डॉन ब्रॅडमन ज्याच्या पदरात पडला त्याला पुढच्या नावासाठी सर्वांत अधिक थांबावे लागावे. गल्लीतल्या दोन म्होरक्यांनी आळीपाळीने भिडू मागून घ्यावेत तशीच ही पद्धत आहे. भेद इतकाच की येथे मागितलेले भिडू बहुधा दिवंगत असतात आणि सामना कधीच खेळला जात नाही. अकरा-अकरा नावे पुरी झाली म्हणजे संघ समोरासमोर मांडले जातात, आणि सरस कोण याचा कौल त्रयस्थ जाणकारांकडून घेतला जातो.

मैदानावर एखादा कच्चा गडी संघात आला तर त्याचा निकाल चेंडूच लावतो. कागदावरच्या संघाला तशी परीक्षा नसल्यामुळे, कोणाचे नाव घेता येईल आणि कोणाचे येणार नाही हे सांगणारी पात्रतेची कलमे हाच या खेळाचा गाभा होऊन बसतो. ही कलमे सोयीसाठी घातलेले कुंपण आहेत, कुठेतरी रेघ ओढावीच लागते, असे म्हणून बहुतेक मंडळी ती पाच मिनिटांत उरकून टाकतात. मला मात्र असे दिसत आले आहे की त्या पाच मिनिटांत लिहिलेले प्रत्येक कलम इतिहासावरचा एक निवाडाच असतो. कोणाचे क्रिकेट हे क्रिकेट म्हणून मोजायचे याचा निर्णय त्यात नकळत होऊन जातो, आणि ज्यांच्यावर त्यांच्या हयातीत एकदा अन्याय झाला त्यांच्यावर तोच अन्याय, त्यांच्याविषयी प्रेम बाळगणाऱ्यांच्या हातून, दुसऱ्यांदा होतो.

सर्वांत प्रचलित कलम असे, की ज्याने किमान एक कसोटी सामना खेळला असेल तोच पात्र. ही रेघ वरवर स्वच्छ दिसते, परंतु कसोटी सामन्यांची जी यादी आपण अढळ मानतो ती स्वतःच मागाहून तयार झालेली आहे. 1877 च्या मार्च महिन्यात मेलबर्नला चार्ल्स बॅनरमनने जखमी होऊन निवृत्त होण्यापूर्वी 165 धावा केल्या तेव्हा आपण इतिहासातील पहिली कसोटी खेळत आहोत याची त्याला किंवा कोणालाच कल्पना नव्हती. झालेल्या सामन्यांपैकी कोणते कसोटी म्हणून धरावेत याची जंत्री ॲडलेडचे पत्रकार क्लॅरेन्स मूडी यांनी 1894 मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुढे तीच शिरस्ता होऊन बसली. 1889 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेला इंग्रजांचा संघ तर देशातील उत्तम अकरांचा मुळीच नव्हता, तरी त्याच्या दोन सामन्यांना कालांतराने कसोटीची सनद मिळाली. त्या संघाचा कर्णधार ऑब्रे स्मिथ, जो पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांत नट म्हणून नावाजला, त्याने पोर्ट एलिझाबेथच्या सामन्यात 61 धावांत 7 बळी घेतले आणि पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही, 8.71 ही त्याची सरासरी त्यामुळे थोर जॉर्ज लोमनच्या 10.75 हूनही सरस दिसते.

याच्या नेमके उलट 1970 मध्ये घडले. दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा रद्द झाल्यावर शेष जगाचा एक संघ गॅरी सोबर्सच्या नेतृत्वाखाली इंग्लंडशी पाच सामने खेळला. ते सामने कसोटी म्हणूनच जाहीर झाले होते. ग्लॅमॉर्गनचा सलामीवीर ॲलन जोन्स त्यांपैकी लॉर्ड्सच्या सामन्यात इंग्लंडतर्फे उतरला, 5 आणि 0 धावांवर बाद झाला, आणि नंतर त्या सामन्यांचा दर्जाच काढून घेण्यात आल्यामुळे प्रथम श्रेणीत 36,049 धावा करणारा हा माणूस कसोटीपटू राहिला नाही. पन्नास वर्षांनी, 2020 मध्ये, त्याला 696 क्रमांकाची टोपी मानाने देण्यात आली. सामन्याचा दर्जा मात्र फिरला नाही. 2005 मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलिया आणि विश्वसंघ यांच्यात झालेला तसाच एक सामना आजही कसोटी म्हणून दप्तरात दाखल आहे. ज्या यादीची हद्द अशी मागेपुढे सरकत आलेली आहे, तिला निसर्गनियमाचे पावित्र्य देण्याचे कारण नाही.

एका सामन्याची अट फार सैल आहे हे ध्यानात आल्यावर मंडळी किमान मर्यादेचे कलम घालतात. त्याची आवश्यकता मी नाकारत नाही. वेस्ट इंडीजच्या अँडी गॅन्टॉमने 1948 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आपल्या एकमेव कसोटी डावात 112 धावा केल्या आणि त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. आकड्यांपुरते पाहिले तर तो 99.94 च्या ब्रॅडमनला मागे टाकतो, आणि असा विपर्यास टाळण्यासाठी सरासरीच्या कोष्टकांत वीस डावांची अट घालण्याची रीत पडली आहे. कोष्टकाला ती शोभते. तीच उचलून संघनिवडीच्या दारावर टांगली म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे: मुंबईचे विजय मर्चंट, ज्यांची प्रथम श्रेणीतील सरासरी 71.64 म्हणजे केवळ ब्रॅडमनच्या खालोखाल, ते 10 कसोटींत 18 डाव खेळले, आणि दोन डावांनी बाद ठरतात, दुलीपसिंहजी 58.52 ची सरासरी घेऊन 19 डावांवर आजारपणामुळे थांबले, ते एका डावाने राहतात. मर्चंटांना अधिक डाव का मिळाले नाहीत याचे उत्तर त्यांच्या बॅटीत शोधून सापडणार नाही. 1936 च्या ओव्हल कसोटीनंतर भारताची पुढची कसोटी 1946 मध्ये झाली. महायुद्धाने गिळलेली ती दहा वर्षे ऐन उमेदीची होती, आणि त्यानंतरही 1951 साली दिल्लीला, आपल्या अखेरच्या कसोटीत, त्यांनी 154 धावा काढून दाखवल्या. सी. के. नायडू आणि अमरसिंग यांच्या वाट्याला प्रत्येकी सातच कसोट्या आल्या, महंमद निसारच्या सहा. भारताच्या पहिल्या पिढीचा जवळजवळ सगळा संघ हे एक कलम पुसून टाकते.

दक्षिण आफ्रिकेच्या बॅरी रिचर्ड्सची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्याच्यासाठी अपवाद करण्याची शिफारस हमखास होते: 4 कसोटी, 508 धावा, 72.57 ची सरासरी, आणि मग वर्णद्वेषी राजवटीमुळे त्याच्या देशावर आलेला बहिष्कार. माइक प्रॉक्टरचे 7 कसोटींतील 41 बळी अवघ्या 15.02 च्या सरासरीचे आहेत. या दोघांना घ्यावे, माझी हरकत नाही. परंतु ज्या दयाबुद्धीने आपण रिचर्ड्सला आत घेतो ती त्याच्या देशापाशी का थांबावी, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण रिचर्ड्सला निदान चार सामने मिळाले. पुण्यामुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या एका गोलंदाजाला एकही मिळाला नाही.

पळवणकर बाळू हे त्यांचे नाव. 1876 मध्ये चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची राखण करीत असे, आणि सरावाच्या वेळी साहेबांना, विशेषतः कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला, तासन्‌तास चेंडू टाकीत असे. त्या अखंड सरावातून जी लांबी-दिशेची हुकमत आली ती पाहून पुण्याच्या हिंदू संघाला त्याला खेळवण्याचा मोह आवरला नाही. मैदानात त्याच्या हातून निघालेला चेंडू सर्वजण झेलीत. चहाची वेळ झाली म्हणजे सहकारी मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूला तो मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मडक्यातून मिळे. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्याची कामगिरी एकंदरीत निराशेची होती. बाळूने मात्र त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. हिंदू संघाचे नेतृत्व त्याला कधीच देण्यात आले नाही. तो मान 1923 मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला, आणि तोही वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर. भारताची पहिली कसोटी 25 जून 1932 रोजी लॉर्ड्सवर सुरू झाली तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

आता पात्रतेचे पहिले कलम पुन्हा वाचावे: ज्याने किमान एक कसोटी सामना खेळला असेल तोच. ते लिहिणाऱ्याच्या मनात बाळूविषयी कसलाही आकस नसतो, बहुधा बाळूचे नावही त्याच्या मनात नसते. तरी मंडपाच्या बाहेर मडके ठेवणाऱ्यांनी जी रेघ ओढली होती तिच्यावरच त्याची रेघ जाऊन पडते. 33 प्रथम श्रेणी सामन्यांत 15.21 च्या सरासरीने 179 बळी घेणाऱ्या या पुरुषाला दाराबाहेर ठेवणारा नियम, एक सामना खेळलेल्या ऑब्रे स्मिथला सन्मानाने आत घेतो, हे मला कोणत्याही तर्काने समर्थनीय वाटत नाही.

बाळूंच्या पाठोपाठ आपल्या प्रांतातील किती नावे त्याच दाराशी उभी राहतात! प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी 1926 मध्ये मुंबईला आलेल्या एम.सी.सी.विरुद्ध 148 धावा केल्या, महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला, आणि अठ्ठेचाळीसाव्या वर्षी 246 धावांची खेळी केली. कसोटी एकही नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या खेळपट्टीवर 16 धावांत 8 गडी बाद केले. कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होता.

आणि भाऊसाहेब निंबाळकर. 1948 च्या डिसेंबरात पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली असता तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या निंबाळकरांनी कमल भांडारकरांबरोबर 455 धावांची भागीदारी केली, भांडारकर 205 वर बाद झाले, आणि निंबाळकर खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या, निंबाळकर नाबाद 443 होते, आणि ब्रॅडमनने 1930 मध्ये सिडनीला केलेल्या नाबाद 452 चा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला होता. उपाहाराची वेळ झाली. त्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी आपल्या संघाची अधिक नाचक्की नको म्हणून डाव तेथेच थांबवण्याचा आग्रह धरला, आणि महाराष्ट्राने तो मान्य न केल्यामुळे ते संघासह मैदान सोडून गेले. ब्रॅडमनने पुढे निंबाळकरांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. भारताच्या निवडकर्त्यांनी अधिकृत कसोटीसाठी त्यांना कधीच बोलावले नाही.

या सर्व कारणांमुळे पात्रतेचा पाया कसोटी सामन्यांऐवजी प्रथम श्रेणी सामन्यांवर रचावा, आणि किमान मर्यादा वीस प्रथम श्रेणी सामन्यांची ठेवावी, असे माझे मत झाले आहे. गॅन्टॉम त्याने अडत नाही हे खरे. परंतु मग त्याचे मूल्यमापन 112 या एका आकड्यावर न होता सबंध कारकिर्दीवर होते, आणि विपर्यासाचा धोका आपोआप उतरतो. प्रथम श्रेणीची हद्दही सर्वस्वी निर्विवाद नाही याची मला जाणीव आहे: जॅक हॉब्जची शतके 197 की 199, हा वाद आजही मिटलेला नाही, कारण 1930-31 मध्ये विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघातर्फे हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये खेळताना त्याने काढलेली दोन शतके कोणी प्रथम श्रेणीत धरतात आणि कोणी धरत नाहीत. तथापि हॉब्जसारख्याला दोन शतकांनी काही उणे-अधिक होत नाही. कसोटीच्या रेघेने मात्र माणूसच नाहीसा होतो.

देशांविषयीचे कलम याहून नाजूक असते. एका संघात एका देशाचे तीनच खेळाडू असावेत अशी अट घातली, म्हणजे रणजितसिंहजी इंग्लंडचे धरावेत की हिंदुस्थानचे, हा कज्जा पहिल्याच फेरीत उभा राहतो. जेथे कसोट्या अधिक तो देश, हा तोडगा पुष्कळ ठिकाणी पुरतो: रणजी आणि दुलीप इंग्लंडकडे जातात, अब्दुल हफीझ कारदार भारताच्या 3 आणि पाकिस्तानच्या 23 कसोट्यांमुळे पाकिस्तानकडे, गुल महंमद 8 विरुद्ध 1 अशा हिशेबाने भारताकडे, केप्लर वेसल्स 24 विरुद्ध 16 ने ऑस्ट्रेलियाकडे. थोरले पतौडी येथे हा सगळा हिशेब मोडून टाकतात. त्यांनी 1932 मध्ये सिडनीला इंग्लंडतर्फे पहिल्याच कसोटीत 102 धावा केल्या, इंग्लंडकडून एकूण 3 कसोट्या खेळले, आणि 1946 मध्ये भारताचे कर्णधार म्हणून नेमक्या 3. अशा वेळी खेळाडू मागून घेतानाच तो कोणत्या देशाच्या खात्यात घ्यायचा हे निवडणाऱ्याने जाहीर करावे आणि मग ते बदलण्याची मुभा असू नये, हेच मला योग्य वाटते. बेसिल डॉलिव्हेराच्या बाबतीत तर आकड्यांचा तोडगा मला मनातून पटत नाही. केपटाउनच्या या खेळाडूला कातडीच्या रंगामुळे स्वदेशाच्या संघात जागाच नव्हती, म्हणून तो इंग्लंडला गेला आणि 44 कसोट्या खेळला. त्याला दक्षिण आफ्रिकेच्या खात्यात घेऊ इच्छिणाऱ्याला मी खुशाल घेऊ देईन.

संघातील जागांचे नियम त्या मानाने लवकर निकालात निघतात. यष्टिरक्षक म्हणून ज्याला घ्यायचे त्याने कारकिर्दीचा भरीव भाग यष्टींमागे काढलेला असावा, आणि मूल्यमापनही त्याच सामन्यांवरून व्हावे. कुमार संगकारा यष्टिरक्षक म्हणून 48 कसोट्या खेळला त्यांत त्याची सरासरी 40.48 आहे, आणि उरलेल्या 86 कसोट्यांत 66.78, तेव्हा एकाच नावाखाली दोघांचा लाभ घेऊ देणे रास्त नव्हे. विल्फ्रेड ऱ्होड्ससारख्या पुरुषासाठी मात्र जागांचे बंधन सैल करावे. 1903 मध्ये सिडनीला अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने फॉस्टरबरोबर शेवटच्या गड्यासाठी 130 धावांची भर घातली, आणि 1912 मध्ये मेलबर्नला हॉब्जबरोबर सलामीला जाऊन 323 ची. आपल्या विनू मंकडांनाही हाच न्याय लागू पडतो. 1956 मध्ये मद्रासला पंकज रॉयबरोबर 413 धावांची सलामी देताना 231 काढणारा हा मूळचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता.

काळाविषयी एकच आग्रह धरावासा वाटतो, की खेळाडू त्याच्या सर्वोत्तम कालखंडातला धरावा. डब्ल्यू. जी. ग्रेस पहिली कसोटी खेळला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि शेवटची खेळला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. 22 कसोटींतील त्याची 32.29 ही सरासरी पाहून एखादा नवखा त्याला दहाव्या फेरीपर्यंत पडून राहू देईल. 1871 च्या एकाच मोसमात, खडबडीत खेळपट्ट्यांवर, त्याने 78.25 च्या सरासरीने 2739 धावा आणि दहा शतके केली, जेव्हा इतर सर्व फलंदाजांची मिळून सात शतके झाली होती. ज्यांची कारकीर्द अद्याप चालू आहे त्यांना वगळावे, याबद्दल फारसा मतभेद आढळत नाही.

येथवर सुचवलेला मसुदा लिहून झाल्यावर तोही एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि ते ठिकाण म्हणजे 1868 साली इंग्लंडला गेलेला ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा संघ. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला तो पहिलाच क्रिकेटसंघ. 47 सामने खेळून त्याने 14 जिंकले, 14 गमावले आणि 19 अनिर्णित ठेवले. त्या संघाचा आधारस्तंभ जॉनी मुल्लाघ याने दौऱ्यात 1698 धावा केल्या आणि 245 बळी घेतले, परंतु त्याच्या नावावर प्रथम श्रेणी सामना एकच आहे, 1879 मध्ये व्हिक्टोरियातर्फे खेळलेला. आज मेलबर्नच्या नाताळ-कसोटीतील उत्कृष्ट खेळाडूला त्याच्या नावाचे पदक दिले जाते, आणि 2020 मध्ये ते पहिल्यांदा मिळाले ते अजिंक्य रहाणेला. वीस सामन्यांच्या माझ्या अटीने हा मुल्लाघ बाहेर राहतो. बेटी विल्सनही राहते, जिने 1958 मध्ये मेलबर्नला एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही जोड साधली, आणि तोवर कोणत्याही पुरुषाला ती साधलेली नव्हती.

म्हणून मसुद्याच्या अखेरीस एक विशेष कलम असावे. प्रत्येक निवडणाऱ्याला हद्दीबाहेरचे एक नाव, कोणत्याही फेरीत, मागण्याचा हक्क द्यावा. त्याने त्या खेळाडूच्या कामगिरीचा लेखी पुरावा, धावफलक वा समकालीन वृत्तांत, सर्वांपुढे ठेवावा. आणि इतरांपैकी निम्म्यांनी संमती दिली की ते नाव इतर नावांच्या बरोबरीने दाखल करून घ्यावे. संमती न मिळाल्यास त्याची पाळी वाया जाऊ नये, त्याने त्याच फेरीत दुसरे नाव घ्यावे, आणि नाकारलेले नाव पुढच्या फेरीत नव्या पुराव्यासह पुन्हा मांडण्याची वाट त्याला मोकळी असावी.